राहिलेला खडा

दुष्काळात पाऊस पाडायला आणलेलं छोटं विमान आमच्या सहकारी साखर कारखान्यामागच्या मुरमाड धावपट्टीवर उतरायचं. चाकांखालचे खडे उडून त्याच्या शेपटीला पोचे पडायचे. म्हणून खडे वेचायला एक म्हातारा ठेवला होता. तो अनवाणीच चालायचा. डोळ्याला खडा चुकतो, तळव्याला चुकत नाही, म्हणायचा. शेपटीला खालून तो साखरेचं रिकामं पोतं बांधायचा.

पाऊस काही पडला नाही. विमान गेलं. शेपटीचा बदललेला एक पत्रा तेवढा पोत्यात गुंडाळून गोदामात राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात पाहिलं, तर म्हातारा तापल्या मुरमावर चालतोच आहे.

"बाबा, विमान गेलं की! आता खडे कशाला वेचता?"

"तुमाला दिसत न्हाई म्हणून गेलं व्हय?"

त्यानं मला गोदामात नेलं, पोतं सोडून माझ्या हातात दिलं. पत्र्यावरचे जुने पोचे काळवंडले होते. एकच चकचकीत होता. त्यावर बोट फिरवत तो ओशाळून म्हणाला, "ह्यो आजचा हाय. एक खडा ऱ्हायला माजा."

मला हसू आलं. पण हाताला गार लागलं. गावात चार दिवस टँकर फिरकला नव्हता, आणि पोत्यातून पाणी गळत होतं.