दोघांकडून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, कारखान्यात शेजारच्या खुर्चीवर जन्म काढलेल्या मित्राला नाही. तुम्हांला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे यातही थोडी सोय बघितलीच मी. असू द्या.

आधी एवढं सांगून टाकतो, की लोक मला चांगला माणूस समजतात. आमच्या सातपूरच्या चाळीत, दिंडोरीला सासुरवाडीत, सगळीकडे. “बायकोला कधी वाकडं बोलला नाही. दुसऱ्या कुणी टाकली असती.” हे मी किती वेळा ऐकलंय! आणि ऐकताना मान खाली घातलीय. लोकांना वाटायचं, नम्रपणा आहे.

मी सातपूरला एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये कारकून होतो. इंटर सायन्स झालेला, म्हणजे आमच्या घरात शिकलेला मीच. माझी बायको कुसुम दिंडोरीकडची, भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या घरातली, शाळा सातवीपर्यंत. आई आमच्याजवळच असायची. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्हांला मुलगी झाली. नाव मंजू.

मंजू बाळसं धरेना. सारखी भुकेली असायची, अधाशासारखी दूध प्यायची आणि तरी हातपाय काड्यांसारखे. शी व्हायची ती तेलकट, चिकट. दुपटी सोडा घालून उकळली तरी तेल जायचं नाही. आणि खोकला. एवढ्याशा छातीत मावणार नाही असा खोकला. आमच्या डॉक्टरांनी प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांचा क्षय, म्हणून औषधं दिली, महिनोन्‌महिने दिली. काही फरक नाही. एकदा कुसुम मला म्हणाली, “अहो, हिचा मुका घेतला ना, की ओठ खारट होत्यात. लय खारट.” मी हसलो. घामाचं असेल म्हणालो. आईनं दृष्ट काढली.

शेवटी डॉक्टरांनीच मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं मंजूच्या हाताला काहीतरी लावून घाम काढला, तो तपासला. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. अंगातले सगळे स्राव घट्ट होतात, चिकट होतात, छातीत साचतात, अन्न पचू देत नाहीत. आपल्याकडे फारसा दिसत नाही, म्हणाल्या. बरा होत नाही.

“बाळाची आई कुठंय? तिलाही बोलवा.”

कुसुम बाहेर बाकावर मंजूला घेऊन बसली होती. दार उघडं होतं, तिच्या लुगड्याचा काठ मला दिसत होता. मी म्हणालो, “तिला नाही कळायचं. मी सांगेन.”

 बाईंनी एका कागदाच्या कपट्यावर दोन गोल काढले, त्यांच्याखाली एक. सावकाश समजावलं. हे दोघांकडून येतं. आईकडून निम्मं, बापाकडून निम्मं. दोन्ही निम्मे एकत्र आले तरच मूल आजारी पडतं. एकट्या आईकडून येऊच शकत नाही. “दोष कुणाचाच नाही. पण हे तिला नीट सांगा हं. बायका असलं सगळं स्वतःला लावून घेतात.”

मला सगळं समजलं होतं. हे लक्षात ठेवा. समजण्यात काही चूक झाली असं मला म्हणता येणार नाही.

परतीच्या गाडीत कुसुम खिडकीशी बसली होती, मांडीवर मंजू. समोर दोन माणसं होती — नाशिकरोडचीच असावीत, पान खात, आमच्याकडे बघत. इगतपुरी गेली. तोवर मी छाती का थोपटायची, पचनाची पूड कशी द्यायची, उन्हाळ्यात मिठाचं पाणी का पाजायचं, एवढंच सांगितलं होतं. मग तिनं विचारलं, “पण झालं कशामुळं?”

“रक्तातून येतं.”

“कुणाच्या?”

समोरची दोघं ऐकत होती. मी — काय सांगू तुम्हांला? मला लाज वाटली. त्या दोन अनोळखी माणसांसमोर ‘माझ्याही’ म्हणायची लाज वाटली. आमच्या घरात सगळे धडधाकट, भावाची दोन्ही पोरं गुटगुटीत. आणि माझ्या रक्तात काही खोट आहे? मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “आईकडून येतं म्हणे.”

एवढंच. ‘म्हणे’ लावलं होतं, तेवढीच पळवाट. पुढं स्टेशन आलं, सामान उतरवलं. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू. नीट बसवून सांगू.

पण घरी गेल्यावर काय झालं? आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, काय म्हणाले. मी काही बोलायच्या आत कुसुमच बोलली. ती अशीच होती, पोटात काही ठेवायची नाही. “आत्याबाई, माझ्याकडून आलंय हिला. माझ्या रक्तातून.” आई तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी चपला काढत होतो. चपला काढायला किती वेळ लागतो? मी पुष्कळ वेळ लावला.

आई दुष्ट नव्हती. पण त्या दिवसापासून तिनं कुसुमच्या हातचा चहा मुकाट्यानं घेतला, पूर्वीसारखी बरोबर बसून कधी प्यायली नाही.

आणि कुसुमनं मंजूचं सगळं अंगावर घेतलं. मुंबईच्या नर्सनं शिकवलं होतं तसं मंजूला मांडीवर पालथी घालायची, डोकं खाली, आणि हाताची पोकळ ओंजळ करून पाठ थोपटायची, मग कुशी, मग पुढून छाती. सकाळी, संध्याकाळी, खोकला वाढला की दुपारीही. शेजारीण पहिल्यांदा धावत आली होती, पोरीला मारते की काय म्हणून. मंजूला मात्र ते आवडायचं. ती ‘ऊऽऽ’ असा सूर लावायची आणि प्रत्येक थापेला तो सूर तुटायचा, त्याचं तिलाच हसू यायचं. हसली की खोकला. खोकल्यातून बेडका सुटला की कुसुम तो पदरानं टिपायची आणि मला दाखवायची — काही कमावल्यासारखा. पचनाची पूड मुंबईहून यायची, ती कुस्करलेल्या केळ्यात घालायची. पूड ओठांना लागली की कातडी सोलवटायची, म्हणून आधी ओठांना लोणी लावायचं. हे लोणी कुणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनंच शोधलं.

मी काय करायचो? थोपटायचो कधीमधी. नाही असं नाही. पण मी उठायला लागलो की ती म्हणायची, “तुम्ही बसा. तुमचा काय दोष त्यात?”

आणि मी बसायचो. बघा, मी एक वाक्य बोललो होतो आणि त्या वाक्यावर मला रोज विश्रांती मिळत होती.

तुम्ही म्हणाल, बोलायला जमलं नसेल, ठीक आहे, पण पुढं कधी संधी मिळाली नाही? मिळाली. कुसुमच्या धाकट्या बहिणीचं, शालिनीचं लग्न ठरत आलं होतं, पिंपळगावकडचं स्थळ. आजाराची गोष्ट फिरत फिरत तिकडे पोचली. त्या घराच्या मुलींच्या रक्तात काही आहे म्हणे. स्थळ मोडलं. सासरे एस.टी.नं आमच्याकडे आले, कॉटवर न बसता खाली सतरंजीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली. कुसुम नळावर गेल्याची खात्री करून म्हणाले, “पाव्हणं, तुम्ही शिकलेलं. डाक्तर खरंच तसं म्हनलं का? पोरीकडूनच येतं म्हून?”

मी एक शब्द बोललो असतो तर ते तसेच उठून पिंपळगावला गेले असते. मला बरोबर घेऊन गेले असते. मग मला त्या लोकांसमोर बसून सांगावं लागलं असतं, की मी खोटं बोललो.

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, “तुम्ही संभाळून घेताय तिला, तुमचे उपकार.”

मला वाटतं, तुम्हांला आता माझा पुरेसा तिटकारा आला असेल. पण ज्यासाठी हे लिहायला घेतलं, ते अजून सांगितलेलं नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

मंजूच्या दुसऱ्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. सरकारी दवाखान्यात ठेवलं. नाकाला नळी, छाती भात्यासारखी वरखाली. कुसुम तिथंही थोपटत होती. शेवटी सिस्टरनं तिचा हात धरून थांबवला, आता नको म्हणाली. तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात आली, जिथं मी उभा होतो. दुपार होती. व्हरांड्यात कुणी नव्हतं — गाडीतली ती दोन माणसं नव्हती, आई नव्हती, सासरे नव्हते. कुसुम खाली वाकली आणि तिनं माझे पाय धरले.

“माझ्यामुळं तुमच्या लेकराला हे भोगावं लागलं. मला माफ करा.”

तिचे केस विस्कटलेले होते, हात तापलेले होते. मला बोलता आलं असतं. जागा होती, वेळ होता, ऐकणारं कुणी नव्हतं. दोनच शब्द होते — ‘माझ्याकडूनही’. ते तोंडापर्यंत आले होते, असं मी म्हणणार नाही. आलेच नाहीत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो,

“केलं माफ. रडू नको.”

माफ केलं. मी. तिला.

आणि ती शांत झाली, हे त्याहून वाईट. डोळे पुसून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजू गेली.

त्यानंतर कुसुमनं ठरवलं, पुन्हा मूल नको. आपल्या रक्ताचं आणखी एका जिवाला द्यायचं नाही, म्हणाली, आणि स्वतः जाऊन ऑपरेशन करून घेतलं. आई माझ्या मागं लागली, दुसरं लग्न कर. मी नाही म्हणालो. तिथूनच मी चांगला माणूस झालो. चाळीत बायका आपल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. मलाही काही वर्षं वाटायचं, की मी प्रेमापोटी नाही म्हणालो. प्रेम होतंही. पण मला भीती होती. दुसरीचंही मूल तसंच निघालं असतं, तर मग काय सांगितलं असतं?

आम्ही पुढं पुष्कळ वर्षं बरोबर राहिलो. चांगले राहिलो. कारखान्यात संप झाला, टाळेबंदी झाली, आई गेली, आम्ही चाळीतल्या दोन खोल्या सोडून स्वतःच्या घरात राहायला गेलो. रोज संध्याकाळी चहा घेताना ती समोर असायची. रोज. कुसुम गेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं.

एक राहिलं. शालिनीचं लग्न पुढं तीन-चार वर्षांनी एका बिजवराशी झालं, त्याला आधीची मुलगी होती. शालिनीला मुलगा झाला. दिवस असताना ती पार धास्तावून गेली होती, कुसुम तर बारशापर्यंत तिकडे फिरकलीच नाही. पण पोरगा ठणठणीत होता. बारशाला आम्ही गेलो. पाळणा सजवला होता, बायका गात होत्या, घुगऱ्या वाटून झाल्या. शालिनीनं बाळ उचललं आणि थेट कुसुमच्या मांडीवर ठेवायला गेली. “घे ताई. तू मोठी मावशी.”

कुसुम एकदम मागं सरकली. हात पाठीमागं नेले, कुणी विस्तव पुढं केल्यासारखे. मग सगळे बघताहेत हे कळून हसली, आणि पुरुषांच्या बाजूला मी बसलो होतो तिकडे वळली.

“यांच्याकडं दे,” ती म्हणाली. “यांचं रक्त चांगलं हाय.”

शालिनीनं बाळ माझ्यापुढं धरलं. मी हात पुढं केले, आणि घेतलं.