कानाची पाळी

रविवारी सकाळी शेजारच्या जोगकाकांनी रेकॉर्ड लावली, की मी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसते. इलेक्ट्रिक गिटारवरचा जुना अमेरिकन ब्लूज! आमच्या इमारतीत याला कोणी संगीत म्हणत नाही. काकांचं आयुष्य मात्र शास्त्रीय मैफली ऐकण्यात गेलेलं, त्यामुळे ते यालाही मांडीवर ताल धरतात. आवर्तन फिरून समेवर आलं, की त्यांचा हात आपसूक उठतो आणि "क्या बात है!" निघून जातं.

तिकडे कोणी अशी दाद देत नसेल. वाजवणारा तर कधीचाच गेला असणार. दिवसभर कुठल्याशा कारखान्यात राबून रात्री त्यानं आपलं दुःख तारेवर ताणलं असेल, तेव्हा सांगलीतला एक म्हातारा समेवर आपली वाट बघत बसेल, हे त्याला कुठं ठाऊक होतं? आणि आम्हाला तरी हे किती सहज, आयतं मिळालं!

"काका, हा कोण हो?" आज मी विचारलं.

काकांची बोटं आधी कानाच्या पाळीला लागली, थोर गवयाचं नाव घेताना लागतात तशी. मग त्यांनी नाव सांगितलं.

घरी येऊन कप विसळताना मी ते नाव पुटपुटून पाहिलं. ओला हात कानाशी गेला होता.