मोती जेवला!

हे सांगितलं की माझी उरलीसुरली अब्रूही जाणार आहे, पण तुम्ही घरचीच माणसं. चहा घ्या. हसायला आलं तर खुशाल हसा, फक्त कप खाली ठेवून हसा.

आमच्या सईला तिच्या मामाने साप दिला. हो, साप! कुणाचा मामा सायकल देतो, कुणाचा घड्याळ देतो. आमचा मेहुणा साप पाळतो, तोही रीतसर कागदपत्रं करून. त्याच्याकडे कॉर्न स्नेक या अमेरिकेतल्या जातीच्या सापाला पिल्लं झाली, त्यातलं एक भाचीला. कॉर्न स्नेक मका खात नाही, हे मला वेगळं सांगावं लागलं. मी कणीस घेऊन आलो होतो. पण माझी फजिती ती नव्हे, ती पुढे आहे.

पिल्लू पेन्सिलीएवढं जाड. नारिंगी-तपकिरी अंग, त्यावर तांबूस ठिपके. विष नाही, राग नाही, आवाज नाही. सईने नाव ठेवलं मोती आणि घर दिलं काचेची पेटी, लपायला आत एक करवंटी. त्याचं खाणं म्हणजे उंदराची गोठवलेली पिल्लं. ती आमच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी असतात. अनघाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या दिवसापासून मटार सोडले.

आणि इकडे मोतीने उंदीर सोडले! तोंडच लावेना. नेमकं तेव्हाच सईचं कॉलेजचं शिबिर आलं. पोर दारात बॅग घेऊन रडायला लागली.

"बाबा, त्याने खाल्लंच नाही तर?"

"अगं, मी आहे ना!"

मी असं म्हटलं की आमच्या घरात सगळे आधी घाबरतात. सईसुद्धा जिन्यापर्यंत मागे बघत गेली.

मेहुण्याने फोनवर धडे दिले. "भाऊजी, उंदीर कोमट पाण्यात वितळवा. चिमट्यात धरून हळूच हलवा. नाहीच घेतला तर आत ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा."

मी सगळं केलं. पापडाचा चिमटा घेतला. अनघाने तो मला कायमचा बहाल केला. फक्त ते 'बाजूला व्हा' काही जमेना. काचेला नाक लावून मी बसलेला. "खा रे राजा! एक घास काऊचा, एक घास चिऊचा!" मोती जो करवंटीखाली जाऊन बसला, तो बाहेरच येईना. शेवटी वैतागून मी पेटीचं झाकण लावलं आणि उठलो.

लावलं म्हणजे, माझ्या मते लावलं.

सकाळी पेटी रिकामी! मी हादरलो. सापाच्या भीतीने नाही हो, सईच्या! अनघा पलंगावर चढून मला दिशा दाखवत होती. "कपाटामागे बघा! वॉशिंग मशीनखाली बघा!" मी पोटावर सरपटत सगळं घर झाडून काढलं. शेवटी दाराबाहेर चपलांच्या कपाटात, माझ्याच बुटामागे, वेटोळं घालून बसलेला सापडला.

"सापडला गं! मोती सापडला!"

टॉवेल टाकून उचलला आणि पेटीत सोडला. अनघाने लांबूनच पाहिलं.

"अहो, हा जरा लांब नाही वाटत?"

"घाबरला की साप ताणला जातो."

"आणि रंग? मानेवर या काळ्या रेघा कुठून आल्या?"

"कात टाकली की रंग उजळतो, अनघा. वाचत जा काहीतरी."

तेवढ्यात त्याने मान फुगवली, अंगाची नागमोडी घडी केली आणि काचेवर फाडकन तोंड मारलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमचा बुळा मोती, रात्रभर बाहेर हिंडून केवढा धीट झाला! लगेच उंदीर वितळवून आत ठेवला. मला ऑफिसला उशीर होत होता म्हणून, केवळ म्हणूनच, बाजूला झालो. संध्याकाळी येऊन बघतो तर उंदीर गायब!

सईला कळवलं, 'मोती जेवला!' शिबिरात तिला नेटवर्क कसलं मिळतंय, पण त्या निरोपावर तिने लाल बदामांची माळच पाठवली. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालतोय, तर खालच्या मजल्यावरच्या हिरामावशी धापा टाकत वर आल्या. मावशी मूळच्या उरणकडच्या कोळीण. मुलगा बंदरात कामाला लागला म्हणून पनवेलला आल्या.

"भाऊ, तुमचा साप घरात हाय ना?"

"आहे की! या, बघा. कालच जेवलाय." मी पेटीकडे हात केला, जसं काही ते बाळ मीच जन्माला घातलंय.

मावशींनी पेटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मंग आमच्या मोरीत कोन हाय?"

मी खाली गेलो. मोरीच्या कोपऱ्यात मावशींनी भाताचं पातेलं पालथं घातलं होतं आणि वर वरवंटा ठेवला होता. मुलगा काठी घेऊन उभा. मी पातेल्याची कड जराशी उचलली आणि मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिलं. तपकिरी अंग, तांबूस ठिपके.

"तस्कर!" मी जाहीर केलं. "तस्कर नावाचा साप आहे. बिनविषारी, आपल्याच भागातला. सर्पमित्राला बोलवा आणि लांब रानात सोडायला सांगा."

इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की मुलाने काठी खाली ठेवली. तेवढं एक पुण्य माझ्या नावावर लिहा. मी ऐटीत कामाला निघून गेलो.

मी न्हावा शेवाला काम करतो. आलेल्या मालाची कागदपत्रं करून तो कस्टममधून सोडवायचा, हा आमचा धंदा. त्या दिवशी कस्टमचे एक साहेब समोर चहा घेत बसले होते. माझ्या दोन्ही हातांत फायली, म्हणून फोन आला तो स्पीकरवर घेतला. बाईंचा खणखणीत आवाज.

"देसाई का? मी मीनल, सर्पमित्र..."

नेमका तेव्हाच बाहेर ट्रेलरचा हॉर्न वाजला. 'सर्पमित्र' त्यात बुडालं. पुढचं मात्र सगळ्या ऑफिसने ऐकलं.

"तुमच्या घरात तस्कर आहे!"

साहेबांचा कप ओठांपाशीच थांबला.

"घरात?" माझा आवाज चिरकला.

"हो! मिसेसनीच दाखवला. म्हणाल्या, तुम्ही स्वतः आणून ठेवलात आणि खाऊ-पिऊ घालताय. आणि खाली मोरीत पातेल्याखाली जे सापडलंय ना, ते परदेशी आहे. अमेरिकेचं. त्याचे कागद आहेत का तुमच्याकडे?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "देसाई," अगदी हळू आवाजात विचारलं, "माल काय आहे?"

"साहेब, साप!"

"सापात भरून आणलाय?"

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते विचारू नका. मीनलताईंनी फोनवरून साहेबांना दोन्ही सापांचं वर्णन ऐकवलं तेव्हा कुठे सुटका झाली. साहेब डोळे पुसत म्हणाले, "जा, देसाई, आधी घरी जा."

जासईजवळ ट्रेलरची ही रांग! एकेका कंटेनरमागे थांबताना मला एकच गोष्ट खात होती. मी काय सांगून आलो होतो? 'लांब रानात सोडा.' माझ्या लेकीचा मोती, माझ्याच तोंडाने! परक्या मुलखातलं ते पिल्लू, तिथे जगलं नसतं हो. आणि सईला मी काय तोंड दाखवलं असतं?

घरी पोचलो. मावशी मोरीच्या दारात स्टूल टाकून अजून बसलेल्या. चूलसुद्धा पेटवली नव्हती. मीनलताईंनी एका बरणीत तस्कर घेतला होता. वनखात्याला कळवून त्या तो सोडणार होत्या. "रानातला साप पाळणं गुन्हा आहे, बरं का," त्या हसून म्हणाल्या. दुसऱ्या बरणीत मोती.

"मावशींमुळे वाचला हो," मीनलताई म्हणाल्या. "तस्करचंच पिल्लू समजून मी घेऊन निघाले होते. यांनी वाट अडवली. म्हणाल्या, आधी वरचा बघा, मगच न्या."

मी मावशींकडे वळलो. "पण मी तर तुम्हाला सांगून गेलो होतो..."

"तुमी सांगलात, म्हनूनच मला भ्या वाटलं!" मावशी म्हणाल्या. "सापाचं मला लय भ्या. पोरगा सकाळपासून सांगतोय, मारतो. पन सई जिन्यात भेटली का सांगायची, हिराआजी, साप मारू नको गं. पोर घरात नाय, तिच्यामागं आमी कसं मारनार?"

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. सईने जिन्यात जे सांगितलं, ते त्या घाबरलेल्या बाईने काठी आणि पिल्लाच्या मध्ये बसून पाळलं होतं. माझ्याच्याने एक झाकण धड लावलं गेलं नव्हतं.

सई आली. सगळं ऐकून आधी रडली, मग हसली, मग खाली धावत जाऊन मावशींच्या गळ्यात पडली. रविवारी मावशी वर आल्या, मोतीचं जेवण बघायला. आम्ही चौघं काचेला टेकून उभे. मोती करवंटीखाली.

"सरा सगळी!" मावशी म्हणाल्या. "तुमच्या तोंडाकडं चार मानसं बघत बसली तर तुमी जेवाल?"

आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला. परत आलो तर उंदीर नव्हता आणि मोतीच्या मधोमध छानसा फुगवटा! सईने मावशींची पापीच घेतली. माझेही डोळे भरून आले. त्याच डोळ्यांनी मी फोटो काढला आणि मेहुण्याला पाठवला. 'मोती जेवला! या खेपेला खात्रीने मोतीच. रंग बघ, अंगावरचा फुगवटा बघ.'

त्याचं उत्तर लगेच आलं.

'भाऊजी, हा तुमचा अंगठा आहे.'