मोरीकडचा ढाळ

लष्करात मोटारी दुरुस्त करून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी एक जुनी मोटार घेतली. ती सारखी डावीकडे ओढायची. सोमवारी मिरजेला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिला एस.टी.चे धक्के खायला लावायचे नाहीत, मोटारीनंच न्यायचं, असा शब्द वडिलांनी दिला होता. म्हणून शनिवारी पलूसच्या आमच्या अंगणात आम्ही दोघं चाकांचे कोन मोजायला बसलो.

वडिलांनी गवंड्याचा ओळंबा आणला. चाकाशेजारी दोरा सोडायचा आणि चाकाची वरची न् खालची कड दोऱ्यापासून किती लांब आहे ते मी सांगायचं. साताऱ्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो, तरी डोक्याचा पार भुगा झाला. मी मिलिमीटर सांगायचो, वडील सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात मागायचे. मी मोटारीपुढे बसून डावं म्हणायचो, ते त्यांचं उजवं निघायचं. चारदा मोजलं. एक चाक वरून बाहेर कललेलं, दुसरं आत. दोन्ही एकाच अंगाला कशी कलतात, काही केल्या उमजेना.

"ॲक्सल वाकलाय," शेवटी वडील म्हणाले. "आता यष्टीच."

त्यांचा चेहरा मला बघवेना.

आई पायरीवर बसली होती. दोन वर्षांत नजर अधू होत गेलेली; दोरा सोडाच, तिला मोटारसुद्धा धड दिसत नव्हती.

"आवं, अंगनाला मोरीकडं ढाळ हाय," ती म्हणाली. "पानी जायाला मीच ठिवलाय. गाडी फिरवून बघा की."

फिरवली. आता बाहेर कललेलं चाक आत आणि आतलं बाहेर. म्हणजे चाकं सरळ उभी होती, अंगणच कललेलं होतं. मला माझ्या पदवीची लाज वाटली. पुढच्या चाकांची तोंडं तेवढी थोडी बाहेर फाकली होती, गाडी ओढायची ती त्यामुळं. वडिलांनी दोरी लावून, चाकं जोडणारा रॉड फिरवून ती जुळवली आणि सोमवारी गाडी मिरजेपर्यंत सरळ गेली.

ऑपरेशननंतर पुढे आईला जाड भिंगांचा चष्मा आला. मधे कुणी अंगण सारवलं नव्हतं. आई बाहेर येऊन बराच वेळ खाली बघत राहिली. कुठे शेणाचे थर, कुठे नुसती माती.

"आसं सारवत हुते व्हय मी? दोन वर्सं?" तिनं विचारलं. "आन् तुमी कुनीच कसं बोलला न्हाईसा?"

अख्खा शनिवार त्याच अंगणावर गुडघे टेकून आम्ही सुता-सुताचा हिशेब केला होता, आणि आम्हाला ते दिसलंच नव्हतं.