उलट्या स्टुलावरचा चेंजर

आत्याने आजोबांचा रेकॉर्ड चेंजर भंगारवाल्याला फुंकून टाकला आणि भावाच्या माथी त्याची रिकामी लाकडी पेटी मारली, असं आमच्या जिन्यात बोललं जातं. तळमजल्यावरच्या काकू तर हे इतक्या दबक्या आवाजात सांगतात की चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतं.

पेटी रिकामी आहे, एवढंच खरं. चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्डी आपोआप लावणारं यंत्र, आत्याच्या खोलीत आहे, उलट्या स्टुलाच्या चार पायांवर. पेटीबाहेर काढलेला चेंजर टेबलावर बसत नाही, पोटाखाली दांडे न् स्प्रिंगा लोंबत असतात. म्हणून स्टूल, आणि पोट बघायला खाली हातआरसा.

आत्याने तीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. "दांडा तो दांडा, अक्षर उठवो नाहीतर गाणं," असं ती दातांत स्क्रू धरून म्हणते, तेव्हा ऐकू येतं "आंआ तो आंआ".

बाबांनी, म्हणजे तिच्या दादाने, मुदत घातली होती. "रविवारपर्यंत वाजला तर ठीक. नाहीतर पेटीचं चपलांचं कपाट. सुताराला सांगून ठेवलंय." त्या यंत्रावर बाबांचा दात होता. बारा वर्षांचे असताना त्यांनी ते मोडलं म्हणून आजोबांनी कानाखाली वाजवली आणि पुन्हा कधी हात लावू दिला नाही. अजूनही कुठे गाणं सुरू झालं की बाबांचे हात आपोआप पाठीमागे जातात. ही नक्कल मी झकास करते. सगळ्यांत मोठ्याने आत्याच हसायची.

शुक्रवारी तिने मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस खरवडलं आणि थाळी हाताने फिरवली. रेकॉर्ड संपली की सुईचा आर्म उचलला जातो, बाहेर सरकतो, वरची रेकॉर्ड खाली पडते, आर्म परत येतो. आला, पण उतरला गाण्याच्या मधोमध. आत्या आरशावर वाकली आणि तशीच राहिली. आर्मखालचा दांडा वाकलेला होता.

"हा आपोआप वाकत नाही. आर्म फिरत असताना कुणी धरून ओढला तरच."

"बाबांनी."

"मी." तिने तोंडातला स्क्रू काढला. "मला तेच गाणं परत हवं होतं. नऊ वर्षांची होते गं. तुझ्या आजोबांनी विचारलं, कुणी मोडलं? मी काही बोलले नाही. नुसतं दादाकडे बघितलं. इतकी वर्षं मनाला सांगत आले, आधीच काहीतरी बिघडलं असेल."

दांडा सरळ करायला दहा मिनिटं लागली.

"आता कुणाला कळतंय?" मी म्हटलं. "सांगितलंस तर बाबा चिडतील आणि पेटी सुताराकडे गेलीच समज. आणि तू सांगणार नाहीसच. लाव पैज!"

"हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

रविवारी बाबा मापाची टेप घेऊनच आले. आत्याने दोन रेकॉर्डी चढवल्या. पहिली संपली, दुसरी थपकन पडली, आर्म बरोबर कडेला उतरला. बाबा टेपसकट हात मागे बांधून उभे. आत्या हसली नाही. तिने चेंजर बंद केला आणि सांगितलं. सगळं, त्या बघण्यासकट.

बाबांनी टेप ओढली, सोडली, पुन्हा ओढली. "मी कधी हात लावला ते मला आठवायचंच नाही," ते म्हणाले. "पण सगळे म्हणतात तर मीच मोडलं असेल, असं धरून चाललो." आणि पेटीचं काय ते न सांगताच जिना उतरले.

पेटी अजून रिकामीच आहे, चेंजर अजून स्टुलावर. काकूंचं चाललंय जोरात.

आणि आत्याने ते कसं सांगितलं, घोगऱ्या आवाजात, मध्ये दोनदा थांबून, ते मला हुबेहूब येतं. पण अजून बावीस दिवस करून दाखवता येणार नाही.