साडूंच्या मेंदूची पट्टी

आमच्या साडूंना गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. कोल्हापूरच्या दसरा चौकात त्यांनी "ओ पावणं!" अशी हाक दिली की चार अनोळखी माणसं आणि एक रिक्षा थांबते. उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेलेला, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. एकदा लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते माझ्या कानात कुणाचं तरी गुपित सांगत होते, तर भटजीच थांबले आणि म्हणाले, "मग पुढं काय झालं?"

अशा माणसाच्या कानात शिट्टी बसावी, हा दैवाचा चावटपणा. अष्टौप्रहर बारीक कुईं चालू. "डोस्क्यात कुकर लागलाय, पर उतराय कोन येत न्हाय," म्हणायचे. आधी आम्ही हसलो. पण त्यांची झोप उडाली, चार माणसांत येणं ते टाळू लागले, तेव्हा मी इलाजाच्या चौकशीला लागलो.

पुण्याच्या एका इस्पितळात यावर प्रयोग चालला होता, तिथं मी त्यांना घेऊन गेलो. एमआरआयच्या बोगद्यात झोपायचं. डोळ्यांसमोर एक उभी पट्टी. मेंदूतला ऐकण्याचा भाग जेवढा पेटलेला, तेवढी ती उंच, आणि नुसत्या मनानं ती खाली आणायला शिकायचं, म्हणजे शिट्टीही दबेल. पहिल्याच दिवशी साडू आतून गरजले, "गप व्हायला बोलिवलंय, आन् कानाशी पत्रं बडवाय लागल्यात!" डॉक्टरबाई माइकवरून म्हणाल्या, "काका, बोलू नका, डोकं हलतंय. काहीतरी शांत आठवा." साडूंनी रंकाळा आठवला, तर तिथं भेळवाले ओरडायला लागले. चंदगडचं रान आठवलं, तर वळणावर एसटीनं हॉर्न दिला. त्यांनी पट्टीला दम भरला, चुचकारलं, अंबाबाईची आण घातली. पट्टी ढिम्म.

आणि एक दिवस ती झरझर खाली आली! साडू बाहेर आले ते नाचतच. "पावणं, घावलं! तुमच्या आक्काचा अबोला आठवला!" गिरणी विकली तेव्हा, न विचारता विकली म्हणून, आक्कांनी म्हणे अबोला धरला होता. "काय शांतता हुती म्हाराजा! आक्ख्या जन्मात तेवढीच."

घरी आल्यावर पंचाईत झाली. घरी ना बोगदा, ना पट्टी, आणि सराव तर सुटता कामा नये. साडूंना ताजा अबोला हवा होता. त्यांनी आक्कांच्या तांबड्या रश्शाला पुळचट म्हटलं. कोल्हापुरात यावरून माहेरची माणसं गोळा होतात! पण आक्का कसल्या चिडतायत? आजारी माणूस म्हणून गोड बोलून आणखी एक वाटी वाढली. शेवटी मीच स्वयंपाकघरात जाऊन गळ घातली, "आक्का, औषध म्हणून थोडा अबोला धरा की. गिरणी विकल्यावर धरलेला तसा."

आक्कांचा भाकरीवरचा हात थांबला. "मी? मी कवा अबोला धरला?" त्यांचा आवाज चढला. "हे भित्तीकडं त्वांड करून बसायचे. मी शेजारी बसून बोलतच हुतो की. हळू बोलायचो, जिवाला आनि तरास नको म्हणून."

गिरणीनं साडूंचे कान केव्हाच भरडून ठेवले होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. साडू माझ्या मागंच येऊन उभे होते.  ते शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं ओरडले, "काय बोलत हुतीस गं?"

"आता काय सांगत न्हाय," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. डोळे मात्र पदरानं पुसले.

शिट्टी अजून आहे, पण बरेच दिवस मान खाली घालून बसते. झोप लागते. परवा मी विचारलं, "साडू, तो अबोला तर खोटा निघाला. मग आता काय आठवता?"

"त्येच. ती शेजारी बसलीया, कायतरी सांगतीया. मी कान दिऊन बसतो. पट्टी आपसूक खाली येत आसंल."

"मग, येतं का काही ऐकू?"

"न्हाय अजून," साडू म्हणाले, आणि इतकं हळू म्हणाले की मलाच कान पुढं करावा लागला.