अक्षतांच्या वेळची रेंज

आमची तेजश्री विमानतळात मोबाईलच्या रेंजचं काम करती, असं सांगितलं की केजातल्या बाया विचारायच्या, "मंग ती विमान चालवती का?" न्हाई गं बायांनो! विमानतळाची इमारत असती भली मोठी, नुसती काच आन लोखंड. भाईरच्या टावरची रेंज आत शिरत न्हाई. म्हणून आतच बारके बारके अँटेने बसवावे लागतात. ते कुठं आन किती बसवायचे, हे कागदावर काढायचं काम तेजूचं. एवढं सांगून माझं तोंड दुखायचं, आन बायांचं आपलं एकच, "पगार किती मंग?"

तेजू माझ्या भावाची, नांदूरघाटच्या सुंदररावाची लेक. लहानपणापासून आगाऊ. रेडिओ घेऊन घरभर फिरायची आन कुठं खरखर कमी येती तिथं भिंतीवर खडूनं फुल्या मारायची. नवा रंग दिलेली भिंत बघून सुंदररावानं तिला चांगली झोडपली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, हाच बाबा फुलीपाशी खुर्ची टाकून बातम्या ऐकत बसलेला.

दोन हजार चार साली माझ्या जयमालाचं लग्न निघालं. तेजूला पुण्यात कंपनीत लागून वर्ष झालं व्हतं. आदल्या दिवशी आली ती तोंड पाडूनच. मी म्हणले, "कावून गं? लग्नघर हाय, जरा हस की."

"आत्या, मी विमानतळाच्या रिकाम्या इमारतीत रेंज मोजून नकाशा केला. पण माणसं भरली की रेंज पडती. माणसाचं अंग ती अडवतं. मी म्हणते खाली खांबांवरबी अँटेने पाहिजेत. साहेब म्हणतो छतावरचे बास. सोमवारपर्यंत दाखव, न्हाईतर काम दुसऱ्याला देतो." डोळे पुसता पुसता एकदम थांबली. "आत्या, उद्या कार्यालयात किती माणसं येणार?"

"हजार-बाराशे. कावून?"

झालं! सकाळी उठून बघते तर ही मंगल कार्यालयात शिडीवर. पंख्याजवळ रेंज सोडणारी एक डबी टांगली आन रिकाम्या हॉलात फोन धरून चालत सुटली. आता भरलेल्या हॉलात मोजायचं व्हतं, आन तेबी अक्षतांच्याच वेळी, कारण तवाच सगळी माणसं एका जागी उभी राहत्यात. मी लई बोलले तिला. "लग्न हाय का तमाशा? माझी इज्जत घालवती का?" पण पोरीचं तोंड बघून माझंच मन निवलं.

मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली आन जयमाला अडून बसली. "करवली तेजूच. ती मागं उभी न्हाई राहिली तर मी स्टेजवर येत न्हाई." दोघी एकमेकींचा हात धरून रडायला लागल्या.

आता आमच्यात पोरीच्या अक्षता आईनं बघायच्या नसतात. आतल्या खोलीत तुळशीला पाणी घालत बसायचं. म्हणजे त्या वेळी अख्ख्या कार्यालयात रिकामी बाई एकच, मी! म्हणले, "आण इकडं ती पिशवी. तुळशीला पाणी घालून घेते आन मीच फिरते."

पिशवीत लॅपटॉप, हातात वायर लावलेला फोन, अंगावर ठेवणीतली पैठणी. तेजूनं पढवलं, "दमानं चाल, थांबू नको. फोन अंगापासून लांब धर. दर खांबापाशी हे बटण दाब. स्टेजपासून दारापर्यंत जायचं, भाईरून वळसा घालून परत यायचं, अशा चार फेऱ्या. स्टेजकडं पाठच राहील तुझी, नेमबी मोडायचा न्हाई."

चालले बाई. मंगलाष्टकं सुरू, लोकं वळून वळून बघायलेत. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसायल्या. हसू द्या! दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीत भटजीनं शेवटचं अष्टक धरलं, आन माझे पायच उचलंनात. वीस वर्षं सांभाळलेली लेक पाठीमागं उभी हाय, आन मी खांब मोजतीया! न्हाई राहवलं. वळले. अंतरपाटाआड मान खाली घालून उभी माझी जयमाला, आन तिच्या मागं कळस धरून तेजू. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मंग भानावर येऊन राहिलेल्या फेऱ्या केल्या. कुणाला काय बोलले न्हाई.

दुपारी लेक वाटं लावली. तेजूनं लॅपटॉप उघडला. "आत्या, बघ, रिकाम्यापेक्षा रेंज किती पडली! माझं खरं निघालं." मंग कपाळाला आठ्या. "पण तिसऱ्या फेरीत पाचव्या खांबापाशी तू थांबलीस. आन तिथं रेंज पार गेली. काय झालतं?"

"काय न्हाई."

"आत्या, ह्याचं कारण सांगता न्हाई आलं तर साहेब सगळंच मोजमाप फेकून देईल."

"वळून बघितलं गं मी तिला. फोन उराशी धरलाता, दोन्ही हातांनी." एवढं बोलले आन रडूच फुटलं. "पोरीच्या संसाराला काय झालं तर गं तेजू?"

ती हसली न्हाई. मला जवळ घेतलं, आन म्हणली, "मी हे असंच लिहिते, आत्या." आन खरंच लिहिलं तिनं. "मोजणारी बाई नवरीची आई. लेकीला बघायला थांबली. फोन छातीशी."

मंगळवारी तेजूचा फोन आला. साहेबानं ते वाक्य दोनदा वाचलं म्हणं. मंग म्हणला, विमानतळावर सोडायला आलेली माणसं अशीच उभी राहत्यात की, फोन उराशी धरून. तेजूचे खांबांवरचे अँटेने मंजूर झाले. वर त्यानं स्वतः एक वाढवला, आया जिथं थांबत्यात त्या काचेपाशी.

ते विमानतळ मी अजून बघितलेलं न्हाई. आन आमची जयमाला सासरी लई सुखात हाय, दोन लेकरं हायत तिला. म्हणून तर आज तोंड उघडलं.